मागे राहिलेले आईबाप आणि परदेशचे कायदे



या व्यासपीठावर येणारे बहुतेक वक्ते पदव्या घेऊन येतात. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत रात्री, आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर पुकाऱ्याची वाट पाहता पाहता. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांच्या मनात बोनस किंवा नव्या कामगार संहिता असे काही असावे. मी त्यांना म्हणालो, मला यंदा आईबापांवर बोलू द्या. परदेशी गेलेल्या मुलाला आपल्या थकल्याभागल्या आईला किंवा बापाला जवळ नेऊन ठेवता येते काय, येत नसेल तर ते कोणी आणि कशाने अडविले आहे, एवढाच माझा विषय आहे.

हा चळवळीचा विषय कसा, असे आमच्याच काही कार्यकर्त्यांनी विचारले. त्यांना मी आमच्या कचेरीतला प्रकार सांगितला. गेली दहा-बारा वर्षे एक नवेच गाऱ्हाणे येऊ लागले आहे. निवृत्त कामगार ग्रॅच्युइटीच्या हिशेबासाठी म्हणून येतो, तो हिशेब होतो, तरी उठत नाही. मग मोबाइल काढतो आणि मुलाने पाठविलेले एक इंग्रजी पत्र दाखवितो. "साहेब, यात काय लिहिले आहे ते नीट सांगा. पोरगा फोनवर सगळे सांगत नाही." पत्र सहा-सात पानांचे, अतिशय सभ्य भाषेतले. शेवटी एक ओळ असते, अर्ज नामंजूर. अशी पत्रे वाचता वाचता मी हे कायदे शिकलो. वकिली मी केलेली नाही. पण गिरणीमालकांची पत्रे वाचण्याची सवय होती, ती येथे उपयोगी पडली. दोन्ही पत्रांत 'खेद' हा शब्द असतो.

आता, आईबाप मागे ठेवून पोटासाठी जाणे हे आपल्याला नवे आहे काय? मुळीच नाही. रत्नागिरीचा आणि साताऱ्याचा माणूस मुंबईच्या गिरणीत आला तो आईबापांना गावी ठेवूनच आला. बी. डी. डी. चाळीची खोली १६० चौरस फुटांची. तीत पाळीपाळीने निजणारी आठ-दहा माणसे. तेथे म्हातारीला आणून ठेवणार कोठे? तिला मनिऑर्डर जात होती, आणि गणपतीला किंवा शिमग्याला मुलगा जात होता. म्हणजे ताटातूट होतीच. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. म्हातारी आजारी पडली तर तिला एस.टी.त बसवून के.ई.एम.मध्ये आणायला कोणाची परवानगी लागत नव्हती. अडचण जागेची होती, पैशाची होती. दादरच्या स्टेशनावर उभे राहून कोणी विचारीत नव्हते की, बाई, तुमच्या गावी तुम्हाला न्हाऊ घालणारे दुसरे कोणी नाही याचा पुरावा दाखवा.

हा प्रश्न विलायतेत विचारला जातो, आणि तो जवळजवळ याच शब्दांत विचारला जातो. म्हणून प्रथम इंग्लंडचे सांगतो. ते मला अधिक खोलात माहीत आहे.

२०१२ च्या आधी तेथला नियम समजण्यासारखा होता. आई विधवा आहे, वय पासष्टच्या पुढे आहे, तिचा खर्च मुख्यतः मुलगा चालवितो, आणि तिकडे पैशाची मदत करणारे दुसरे जवळचे नातलग नाही, एवढे दाखविले की वाट मोकळी होण्याची आशा होती. ९ जुलै २०१२ पासून हे बदलले. नव्या नियमाप्रमाणे आईला वयामुळे, आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे आंघोळ, कपडे, स्वयंपाक अशा रोजच्या गोष्टींसाठी दीर्घकाळ दुसऱ्याचा हात लागला पाहिजे. तेवढ्याने भागत नाही. तो हात, मुलाने पैसा पाठवूनसुद्धा, तिच्या देशात मिळत नाही किंवा परवडत नाही, हे सिद्ध करावे लागते. शिवाय अर्ज तिने तिकडूनच करायचा. पाहुणी म्हणून येऊन मग राहण्याचा अर्ज करता येत नाही. आणि मुलाने पाच वर्षांची हमी लिहून द्यायची की, आईचा भार सरकारी मदतीवर पडू देणार नाही.

यातली मेख पाहा. मुलगा चांगला कमावता असेल, तर अधिकारी म्हणतो, तुम्ही पैसे पाठवा आणि तिकडे बाई ठेवा, नाही तर वृद्धाश्रमात ठेवा. परवडते आहे ना? मुलगा तुटपुंज्या पगाराचा असेल, तर अधिकारी म्हणतो, तुम्हाला तिला येथे पोसणे झेपणार नाही. आई जरा चालतीफिरती असेल, तर तिला मदतीची गरज नाही. ती अंथरुणाला खिळलेली असेल, तर विमानात बसणार कशी, हा प्रश्न घरच्यांपुढे उभा राहतो. इकडे आड तिकडे विहीर असे आपण म्हणतो; येथे चारी बाजूंनी विहिरी खणल्या आहेत. आणि अर्जाची फी तीन हजार पौंडांच्या वर. नकार आला तरी ती परत मिळत नाही.

एका बॉयलर-अटेंडंटच्या विधवेचे पत्र मी वाचले आहे. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली. मुलगा इंग्लंडमध्ये नर्सचे काम करतो. एक मुलगी आहे, ती लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात नांदते आहे. पत्रात लिहिले होते की, मुलगी त्याच देशात आहे, आणि जिल्ह्याच्या गावी पगारी मदतनीस मिळू शकते. मुलीच्या घरी सासू-सासरे आहेत, जावयाची नोकरी फिरतीची आहे, हे सारे अर्जात होते. साहेबाने ते वाचलेही असेल. पण मला त्या पत्रात एक ओळखीचा माणूस दिसला. 'लेक आहे ना, ती करील' असे म्हणणारा मामंजी आपल्या प्रत्येक गावात असतो. विलायतेच्या कायद्यातही तोच बसला आहे, इतकेच.

या नियमाविरुद्ध तेथे लोक कोर्टात गेले. भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या संघटनांनीही बरीच ओरड केली, कारण म्हाताऱ्या आईबापांसाठी मधल्या वयाचा अनुभवी डॉक्टर नोकरी सोडून जाण्याचा विचार करू लागला होता. २०१७ साली तेथल्या अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला. सरकारचे म्हणणे असे की, वृद्धांच्या औषधपाण्याचा आणि देखभालीचा बोजा करदात्यांवर येतो. हे म्हणणे अगदीच उडवून लावण्यासारखे आहे असे मी म्हणणार नाही. इस्पितळाचा खर्च कोणी तरी भरतोच. परंतु मुलगा तेथे वीस वर्षे कर भरतो तो कोणाच्या इस्पितळाला? त्याचे शिक्षण, त्याचे दूधभात ज्या आईने केले तिने त्या देशाला एक तयार नर्स फुकट दिली. हिशेब करायचाच तर जमेची बाजूही लिहिली पाहिजे. आम्ही ताळेबंद वाचायला शिकलो ते यासाठीच.

येथे गोव्याची एक गंमत सांगतो. गंमतच म्हणतो, कारण दुसरे काय म्हणावे? १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदविता येते. असे पुष्कळ गोवेकर पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडात स्विंडनसारख्या गावी जाऊन गुदामांत आणि कारखान्यांत कामाला लागले. इंग्लंड युरोपीय संघाच्या नियमांत होते तोवर, दुसऱ्या सभासद देशाच्या नागरिकाला आपल्यावर अवलंबून असलेले आईबाप आणण्याचा हक्क होता. अवलंबून म्हणजे काय, तर मूलभूत गरजांसाठी मुलाच्या पैशाची जरूर असणे. अंथरुणाला खिळण्याची अट नाही. म्हणजे स्विंडनच्या एकाच आळीत, एकाच कारखान्यात, शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोघांपैकी ज्याच्याजवळ पोर्तुगालचा पासपोर्ट आहे तो आईला आणू शके, आणि जो रीतसर इंग्लंडचा नागरिक झाला आहे त्याला ते अशक्यप्राय. २०२० च्या अखेरीस ती वाटही नव्याने येणाऱ्यांना बंद झाली. आधीपासून राहणाऱ्यांसाठी काही सवलत उरली. पण त्या आठ वर्षांत एवढे सिद्ध झाले की, आकाश कोसळले नाही. म्हातारी माणसे आली, चर्चला गेली, नातवंडांना शाळेत पोचवू लागली.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग. इंग्लंडमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायला माणसे नाहीत. म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी देखभालीचे काम करणाऱ्यांसाठी परदेशातून भरती खुली केली. भारतातून, आफ्रिकेतून हजारो बाया-पुरुष गेले. मध्यस्थांना लाखांनी पैसे देऊन, जमिनी गहाण टाकून गेले. ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या अशा कामगाराला नवरा, बायको, मुले आणण्याची बंदी झाली. आईबापांचे तर नावच नको. आणि २२ जुलै २०२५ पासून बाहेरून ही भरतीच बंद केली. आपण विचार करा. एक बाई पहाटे उठून परक्याच्या आईला न्हाऊ घालते, तिचे केस विंचरते, तिला भरविते. तिची स्वतःची आई उस्मानाबादेत — आता धाराशिव म्हणायचे — शेजारणीच्या भरवशावर आहे. हातांची आयात चालते. त्या हातांना आई असते हे चालत नाही. आमच्या चळवळीचा पहिला धडाच हा होता की, मालकाला मजूर हवा असतो, माणूस नको असतो. तो धडा मी फाटकावर शिकलो तेव्हा वाटले नव्हते की, तो आजारी माणसाच्या खोलीतही लागू पडेल.

बाकीच्या देशांचे थोडक्यात सांगतो.

अमेरिकेत १९६५ च्या कायद्यापासून नागरिकाच्या आईबापांना संख्येची मर्यादा नाही. मुलगा एकवीस वर्षांचा आणि नागरिक असला पाहिजे. ऐकायला हे उदार आहे, आणि काही अंशी आहेही. परंतु हिरवे कार्ड असलेल्याला आईबापांसाठी अर्जच करता येत नाही; आणि नोकरीवर गेलेल्या भारतीयाला ते हिरवे कार्ड मिळायलाच रांगेत वर्षानुवर्षे उभे राहावे लागते, कारण नोकरीच्या वाट्यातून एका देशाला सात टक्क्यांहून अधिक जागा साधारणतः देत नाहीत. मग कार्डानंतर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्व. म्हणजे पंचविशीत गेलेला मुलगा पन्नाशीला टेकतो तेव्हा आईला बोलावू शकतो. तेव्हा आई असली तर. आणि तिथे पोचल्यावरही पासष्टीच्या पुढच्या माणसाला सरकारी वैद्यकीय विमा पैसे भरून घ्यायचा तर सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते.

कॅनडाने तर चिठ्ठ्या टाकल्या. २०११ साली आईबापांचे अर्ज घेणे थांबविले, २०१४ साली थोडे उघडले, हमीची मुदत दहा वर्षांवरून वीस वर्षे केली, उत्पन्नाची अट तीन वर्षांसाठी तीस टक्क्यांनी चढविली. २०१७ ला सोडत काढली. लोक चिडले म्हणून २०१९ च्या जानेवारीत 'प्रथम येईल त्यास प्रथम' केले, तर दहा मिनिटांच्या आत खिडकी बंद! ज्याचे इंटरनेट हळू त्याची आई मागे. २०२० मध्ये पुन्हा नावे मागविली, आणि त्याच यादीतून पुढची कित्येक वर्षे बोलावणी गेली. जो २०२१ नंतर पात्र झाला त्याला चिठ्ठीही टाकता आली नाही. दुसरी वाट आहे ती लांब मुक्कामाच्या व्हिसाची. २०२२ पासून एका वेळी पाच वर्षे राहता येते. पण किमान एक लाख डॉलरांचा आरोग्यविमा स्वतः काढायचा. तेथे राहते ती पाहुणी म्हणूनच.

ऑस्ट्रेलियाचा एक नियम मला विशेष वाटतो. निम्मी तरी मुले त्या देशात कायमची असली पाहिजेत, किंवा इतर कोणत्याही एका देशापेक्षा तेथे अधिक. ज्याला एकच मुलगा तो पास. ज्या शेतकऱ्याला चार मुले आणि एकच मेलबर्नला, तो नापास. पास झालेल्यांसाठी दोन रांगा आहेत. स्वस्त रांगेत तीस वर्षांच्या आसपास थांबावे लागते. सत्तरीच्या म्हाताऱ्याला! महाग रांगेला माणशी अठ्ठेचाळीस हजार डॉलरांच्या वर पडतात, आणि तीही आता पुष्कळ लांबली आहे. २०२३ साली त्यांच्याच सरकारने नेमलेल्या समितीने लिहिले की, बहुधा कधीच न मिळणाऱ्या परवान्यासाठी अर्ज घेत राहणे हे क्रूरपणाचे आणि अनावश्यक आहे. सरकारी अहवालात असा शब्द क्वचित सापडतो. मी तो दोनदा वाचला.

आखाताचे काय सांगावे? कोकणातल्या मोहल्ल्यांतून तीन पिढ्या तिकडे गेल्या. अमिरातीत २०१९ पासून बायकोमुलांना नेण्यासाठीच चार हजार दिरहमांचा, किंवा तीन हजार आणि राहती जागा असा पगार लागतो. आईबापांसाठी तो त्याहून बराच वर, आणि परवानगी एकेका वर्षाची. बांधकामावरचा मजूर लेबर कॅम्पात राहतो; त्याच्या हिशेबात हे आकडे येतच नाहीत. तेथे युनियनला बंदी आहे, म्हणून मागणी करायची सोयही नाही.

एवढे ऐकून कोणाला वाटेल की, मी सगळ्या म्हाताऱ्यांना विमानात बसवायला निघालो आहे. तसे नाही. गेलेल्यांची गाऱ्हाणीही माझ्याकडे येतात. सुनेच्या बाळंतपणाला म्हणून आई सहा महिने जाते. पुढे नातवंड सांभाळायला जाते. मग आजोबा जातात, कारण आजीची सहा महिन्यांची मुदत संपते. आळीपाळीने दोन पाळ्या चालतात, गिरणीसारख्या. या कामाला पगार नाही, रजा नाही, आणि 'आमच्याकडे मजेत आहेत' असे सांगितले जाते. ज्या बापाने आयुष्य चाळीच्या गॅलरीत काढले, त्याला मोटार चालविता येत नाही म्हणून तो आठवडाभर काचेआडून बर्फ पाहतो. बोलायला माणूस नाही. दात दुखला तर सांगत नाही, कारण तिकडचा दंतवैद्य किती घेतो हे त्याने मुलाच्या तोंडून ऐकलेले असते. एक फिटर मला म्हणाला, "साहेब, तिथे सगळे होते. भांडायला कोणी नव्हते." चार महिन्यांत परत आला आणि दुसऱ्या दिवशी युनियनच्या सभेत येऊन माझ्याशीच भांडला. त्याला राहायचे नव्हते, तो परत आला, त्यात वाईट काही नाही. त्याला मुलाकडे जाता आले आणि परतही येता आले. माझे भांडण आहे ते ज्यांना यातले काहीच ठरविता येत नाही त्यांच्यासाठी.

आणि आपले घर तरी कोठे नीट आहे? २००७ साली आपण आईबापांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला. तो भारताबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे. परदेशी असलेल्या मुलावर समन्स बजावण्याची तरतूद त्यात आहे. वृद्ध आईबापांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. निर्वाहाची रक्कम मात्र महिना दहा हजारांच्या वर जाऊ शकत नाही. पाहा, एका देशाचा कायदा मुलाला म्हणतो, आईला सांभाळले नाहीस तर तुरुंग. दुसऱ्या देशाचा म्हणतो, सांभाळायला येथे आणू नकोस. आणि आमचा कामगार मुलावर अवलंबून का राहतो, हेही विचारा. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत किमान पेन्शन २०१४ साली ठरले ते महिना १,००० रुपये. इतक्या पैशात म्हातारीच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि गॅसचे सिलिंडर यांतले एकच येते. त्या एक हजारात वाढ व्हावी म्हणून आम्ही मोर्चे काढतो, तेव्हा तोही याच विषयावरचा मोर्चा असतो.

आता जर्मनीचे सांगून थांबतो, कारण ते आपल्या दाराशी आले आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. वायरमन, प्लंबर, परिचारिका, ड्रायव्हर, अशा मुलांना जर्मन भाषा शिकवून धाडायची योजना. आणि योगायोग असा की, जर्मनीने १ मार्च २०२४ पासून कायदा बदलला. त्या तारखेनंतर प्रथमच कुशल कामगाराचा परवाना मिळालेल्या माणसाला आईबापांना, आणि जोडीदार तेथे असेल तर सासू-सासऱ्यांनाही, आणता येते. पूर्वी असाधारण संकट दाखवावे लागे. मात्र निर्वाहाची सोय आणि आरोग्यविमा दाखवावा लागतो. तेथल्या सरकारी विम्यात कामगाराबरोबर बायकोमुले बसतात, आईबाप बसत नाहीत. आणि सत्तरीच्या माणसाचा खासगी विमा नव्या वायरमनच्या पगाराला जड जातो. म्हणजे कायद्याने दार उघडले, आणि ते पुन्हा लागले आहे ते पगाराने आणि विम्याने. पगार आणि विमा हे तर आमचे रोजचे काम आहे! मुले धाडताना सरकारने भाषेच्या वर्गाचा खर्च विचारात घेतला. आईबापांच्या विम्याचे काय, हे आपण आताच, पहिल्या तुकड्या जात असताना विचारले पाहिजे. तिकडल्या कामगार संघटना बलवान आहेत. मुलांनी पहिल्या महिन्यापासून त्यांची वर्गणी भरावी, हे मी प्रत्येक जाणाऱ्याला सांगतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. 'अवलंबून' हा शब्द बहुतेक देशांच्या अर्जांत असतो, आणि तो मायेने सिद्ध होत नाही, पावत्यांनी होतो. आपली मुले आईला पैसे देतात ते सुटीत आल्यावर पाकिटात घालून, किंवा भावाच्या खात्यावर टाकून. त्याचा पुरावा राहात नाही. आईच्या स्वतःच्या नावाचे खाते असावे आणि पैसे दर महिन्याला त्यातच यावेत. डॉक्टरच्या चिठ्ठ्या फाडू नयेत. जन्मदाखल्यावरचे नाव, रेशनकार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत आमच्या बायकांची तीन-तीन नावे निघतात. माहेरचे एक, सासरचे एक, आणि कारकुनाच्या मनचे एक. ती आधी एक करून घ्यावीत. त्याला दोन-दोन वर्षे लागतात. ज्यांची मुले यंदा जाणार आहेत त्यांनी मंगळवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर कचेरीत कागद घेऊन यावे. सभासद असलाच पाहिजेत असे नाही.